उभा ऊस आणि घरी बसलेली नर्स

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



दर अंकात मी आपणाशी लागण, बेणे, खते, खोडवा याविषयी बोलत असतो. या अंकासाठी हुमणीच्या बंदोबस्तावर लिहावे असे ठरले होते. तो मजकूर पुढील अंकात देतो. आजचा विषय शेतीचा नाही, पण शेतकऱ्याच्या घरचा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात आता बऱ्याच घरांत अशी एखादी मुलगी असते की जिने नर्सिंगचा कोर्स पुरा केला, पांढऱ्या ड्रेसमधला तिचा फोटो भिंतीवर लागला, आणि मुलगी मात्र घरी आहे. नोंदीच्या निमित्ताने आम्ही शेतकी खात्याची माणसे बांधाबांधाने फिरतो. चहा घेता घेता घरातल्या गोष्टी कानावर येतात. गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य मला वारंवार ऐकू येते, "साहेब, पोरगी नर्स झालीया. कुठं चिकटवता येती का बघा की."

हे वाक्य ऐकले की मला खाली बघावे लागते. कारण माझ्या सख्ख्या पुतणीचे तसेच झाले आहे, आणि तिला नर्सिंगला घाला असे माझ्या थोरल्या भावाला सांगणारा मीच होतो.

माझा सल्ला आणि त्याचे फळ

साल २०२०. कोरोनाचे दिवस. जो तो डॉक्टर-नर्सना हात जोडत होता, थाळ्या वाजवत होता. दवाखान्यांत माणसे मिळत नव्हती म्हणून कंत्राटी भरती चालू होती. पुतणी नुकतीच बारावी झाली होती. मी भावाला म्हणालो, "दादा, पोरीला जीएनएमला घाला. नर्सला मरण नाही. सरकारी नाही मिळाली तर खासगी, खासगी नाही तर परदेश." दादा अडीच एकराचा धनी. त्याने माझा शब्द मानला. भाऊ डिप्लोमावाला, कारखान्यात साहेब, तो चुकीचे कशाला सांगेल?

फी, होस्टेल, मेस, ड्रेस, पुस्तके मिळून तीन वर्षांत साडेतीन लाखांच्या वर गेले. दोन हंगामांची उसाची बिले त्यात गेली आणि वहिनींच्या पाटल्या सोसायटीत न जाता सोनाराकडे गेल्या. पोरीने अभ्यास चांगला केला, चांगल्या गुणांनी पास झाली. नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवले. मग आम्ही नोकरी बघायला लागलो.

तालुक्याच्या गावी २५ खाटांचे एक खासगी हॉस्पिटल आहे, तिथे तिला घेतले. पगार महिना ९,००० रुपये, ड्युटी १२ तासांची. मूळ प्रमाणपत्रे पहिल्याच दिवशी ठेवून घेतली. रात्रपाळीला २० ते २२ पेशंट आणि ही एकटी. सोबतीला असत त्या दोघी दहावी झालेल्या, कुठलाही कोर्स न केलेल्या. ड्रेस तिघींचा एकच. पेशंटचे नातेवाईक तिघींनाही 'सिस्टर'च म्हणत. आठ महिन्यांनी तिने पगारवाढ मागितली तेव्हा उत्तर मिळाले की परवडत नसेल तर बाहेर दहा जणी उभ्या आहेत. तिने नोकरी सोडली. प्रमाणपत्रे सोडवायला मला आणि दादाला दोन हेलपाटे घालावे लागले. अनुभवाचा दाखला काही मिळाला नाही तो नाहीच.

तेव्हापासून ती घरी आहे. शेणकूर, भांगलण, जनावरांची धार सगळे करते. कामाची लाज तिला नाही आणि आम्हालाही नाही. पण साडेतीन लाख आणि तीन वर्षे घालून शिकलेले हात भांगलायला लागले की बापाच्या जिवाची काय अवस्था होते, ते तुम्ही जाणता. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

संक्रांतीचा दिवस

गेल्या संक्रांतीला पुतणी चार दिवस आमच्या कॉलनीत राहायला आली होती. दरवर्षी कॉलनीतल्या बायका गाडीतळावर जाऊन ऊसतोडणी कामगारांच्या मुलांना तिळगूळ वाटतात. माझ्या पत्नीबरोबर तीही गेली. एका कोपीपुढे एक बाई बसली होती, सातवा महिना. तिचे तोंड आणि पाय सुजलेले पाहून पुतणीने विचारपूस केली. दोन दिवस डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मुकादमाने दुकानातून गोळी आणून दिली होती आणि बाई त्या दिवशी सकाळी फडातही जाऊन आली होती.

पुतणी पळत घरी आली. "काका, बीपीचं मशीन कुठं मिळेल?" कारखान्याच्या दवाखान्यातून यंत्र मागवले. बीपी निघाले १६० वर ११०. ती म्हणाली, "काका, आत्ता हलवायला पाहिजे. झटके आले तर आई आणि बाळ दोघंही हाताला लागायची नाहीत." शेतकी खात्याची जीप काढली आणि बाईला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन लगेच सिव्हिलला पाठवले. पुढे बाई बाळंत झाली, बाळ वजनाला कमी होते, पण दोघे वाचले. डॉक्टर मला म्हणाले की रात्र काढली असती तर अवघड होते.

त्या संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात जे ऐकले ते मात्र विसरत नाही. ड्युटीवरच्या सिस्टर एकट्या होत्या. बाळंतिणींकडे त्याच, वॉर्डात त्याच, नव्या आलेल्या पेशंटला सलाईन लावायलाही त्याच. पुतणीने न सांगता हाताखाली मदत केली. जाताना सिस्टरनी विचारले, "ताई, तू कुठं असतेस कामाला?"

"घरी," पोरगी म्हणाली.

सिस्टर क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं माणूस नाही आणि तू घरी. जागा निघाली तर ना."

नर्स जास्त झाल्या का?

आपण ऊसवाले. आपल्याला पहिली शंका येते ती अशी की लागण जादा झाली असेल. गाळप क्षमतेपेक्षा ऊस जास्त झाला की तो फडात उभा राहतो, तुरा येतो, पोकळ पडतो, वजन घटते. म्हणून तर आपण लागणीची नोंद ठेवतो आणि तोडणीचा प्रोग्रॅम लावतो. नर्सिंगच्या जागा वाढवताना, कॉलेजांना परवानगी देताना अशी नोंद कोणी ठेवली आहे का? पाच वर्षांनी किती पदे भरणार, म्हणून आज किती मुली शिकवायच्या, असा हिशेब घालून कॉलेजे निघाल्याचे मला तरी दिसत नाही. मागणी दिसली, फी मिळते असे दिसले, कॉलेज निघाले. हा दोष खरा आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर चूक होईल. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण असे आहे की साध्या वॉर्डात ५ पेशंटमागे १ नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागे १, आणि अतिदक्षता विभागात एका पेशंटला एक. आता आपण आपल्या डोळ्यांनी बघा. आपला माणूस ॲडमिट असताना वॉर्डात किती खाटा होत्या आणि रात्री किती सिस्टर होत्या? प्रमाणाप्रमाणे माणसे घेतली तर घरी बसलेल्या किती तरी मुली कामाला लागतील. म्हणजे ऊस जादा झालेला नाही. गव्हाण रिकामी आहे आणि ऊसही फडात उभा आहे. मधली तोड बंद आहे, दुखणे तिथे आहे.

तोड का बंद आहे? पहिले कारण सरकारी भरती. २०१९ साली जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात निघाली. त्यात आरोग्य सेविकांची पदेही होती. मुलींनी फॉर्म भरले, फी भरली. ती भरती पुढे रद्द झाली आणि नव्याने जाहिरात निघाली २०२३ साली. चार वर्षे! आडसाली ऊस अठरा महिन्यांवर फडात राहिला तर आपण शेतकी ऑफिसला येऊन भांडतो. या मुलींनी चार वर्षे कुणाच्या दारात जायचे? मधल्या काळात जे भरले ते बहुधा कंत्राटी. कोरोनात ज्या पोरींनी जीव धोक्यात घालून काम केले, त्यांतल्या कितीतरी कंत्राटी मुलींना लाट ओसरल्यावर घरी पाठवण्यात आले.

दुसरे कारण खासगी दवाखाने. बिनकोर्सची मुलगी कमी पगारात मिळते, तिला तोच ड्रेस घातला की पेशंटला फरक कळत नाही. मग शिकलेलीला पूर्ण पगार कोण देणार?

उसाला आदेश आहे, नर्सला शिफारस

आपल्या उसाच्या दराला कायद्याचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हा आदेश पाळला जावा म्हणून आपण रस्त्यावरही उतरतो. कारखान्याचा नोकर असूनही मी म्हणतो की हा आदेश आहे म्हणून शेतकरी टिकला.

नर्सला काय आहे? ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारला खासगी नर्सच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली ती अशी : २०० खाटांवरील रुग्णालयात सरकारी नर्सएवढा पगार, १०० खाटांवरील रुग्णालयात त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यातसुद्धा कोणत्याही परिस्थितीत २०,००० रुपयांच्या खाली नाही. केंद्राने ही शिफारस राज्यांकडे पाठवली. केरळात नर्सनी संघटित होऊन लढा दिला, तेव्हा तिथल्या सरकारने २०१८ मध्ये अधिसूचना काढून किमान मूळ वेतन २०,००० केले. आपल्याकडे ती शिफारस कागदावर आहे. तिच्यामागे १४ दिवस नाहीत, व्याज नाही, आणि पगार बुडाला तर दाद मागायला साखर आयुक्तांसारखे ठिकाणही त्या पोरीला माहीत नाही. २०१६ च्या २०,००० ऐवजी इतक्या वर्षांनी माझ्या पुतणीला ९,००० मिळाले, ते यामुळे.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, सज्जन माणूस. ते म्हणाले, "साहेब, आठ नर्सना वीस-वीस हजार दिले तर महिना एक लाख साठ हजार झाले. ते मी पेशंटच्या बिलातच लावणार. तुमचाच शेतकरी ओरडेल." हे खोटे नाही. लहान दवाखान्याचा हिशेब लहानच असतो. पण मी त्यांना विचारले, "खताच्या पोत्यात माती भरून स्वस्त दिली तर आम्ही स्वस्त म्हणायचं का फसवलं म्हणायचं?" नर्सचे बिल लावायचे आणि खाटेजवळ नर्स नसायची, हे चालणार नाही. परवडत नसेल तर आठाऐवजी पाच खऱ्या नर्स ठेवा, बाकीच्या मदतनीस म्हणून ठेवा, त्यांचा ड्रेस वेगळा ठेवा. सलाईन कोण लावते आहे हे पेशंटला कळू द्या.

अनुभवाचा फास

आता कोणी म्हणेल, सरकारी परीक्षा द्याव्यात. द्याव्यात, जरूर द्याव्यात. दिल्लीच्या एम्ससह देशातल्या एम्स संस्थांसाठी २०२० पासून 'नॉरसेट' ही एकच सामायिक परीक्षा होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो, आणि ८० टक्के जागा महिलांना आहेत. पण अट नीट वाचा. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीला अनुभव लागत नाही. जीएनएम झालेल्या मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. माझी पुतणी २५ खाटांच्या दवाखान्यात होती. तिने दोन वर्षे मान मोडून काम केले असते तरी ते या परीक्षेला चालले नसते. नोकरीसाठी अनुभव पाहिजे, अनुभवासाठी मोठे रुग्णालय पाहिजे, आणि मोठे रुग्णालय पुन्हा अनुभव विचारते. हे आम्हाला कोर्सला घालताना कोणी सांगितले नाही. खरे म्हणजे आम्ही विचारलेच नाही.

परदेशाचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्यात नर्सही आहेत. संधी खरी आहे, पण आधी जर्मन भाषा शिकावी लागते आणि तिची परीक्षा पास व्हावी लागते. त्यात वर्षभर सहज जाते. 'लगेच व्हिसा काढून देतो, दोन लाख द्या' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. गुऱ्हाळवाल्याने रोखीच्या आशेवर ऊस नेऊन पैसे बुडवल्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत.

दाखला घेण्यापूर्वी

बेणे घेताना आपण काय काय बघतो? कुठल्या मळ्यातले, किती महिन्यांचे, को ८६०३२ म्हणून देतोय ते खरेच ८६०३२ आहे का, डोळा फुगलेला आहे का. पाच-सहा हजारांच्या बेण्याला एवढे बघणारे आपण तीन लाखांच्या कोर्सला कॉलेजची कमान आणि बस बघून पैसे भरतो. मीही तेच केले. म्हणून माझ्या चुकीवरून चार गोष्टी सांगतो.

एक. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोन्हींची मान्यता चालू वर्षाची आहे का, ते स्वतः खात्री करून घ्या. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका. कौन्सिलमध्ये नोंदणी झाल्याशिवाय मुलगी नर्स म्हणून काम करू शकत नाही. नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, घरी बसलेल्या मुलींनीही ते चुकवू नये.

दोन. कॉलेजला स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे असा दंडक आहे. ते रुग्णालय जाऊन बघा, आणि पाहणीच्या दिवशी नव्हे, एरवी कधीतरी बघा. खाटा आहेत का, खाटांवर पेशंट आहेत का. रिकाम्या खाटेवर शिकलेल्या मुलीला सलाईन लावता येत नाही.

तीन. मागच्या दोन बॅचच्या मुली आज कुठे आहेत, ते कॉलेजला विचारू नका, त्या मुलींनाच विचारा.

चार. परिस्थिती असेल आणि बारावी सायन्सला गुण असतील तर बी.एस्सी. नर्सिंगचा विचार आधी करा. वर्ष एक जास्त जाते, पण वर सांगितलेला अनुभवाचा फास गळ्यात पडत नाही, आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठीही ती पदवी चालते. नोकरी लागल्यावर मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नका, झेरॉक्स द्या. पगार कितीही कमी असो, अनुभवाचा दाखला लेखी मागून घ्या.

आपण आणि आपला कारखाना

सहकारी कारखानदारीने दवाखान्यांशी नाते पूर्वीपासून ठेवले आहे. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली चालू झाला आणि पुढे त्याच परिसरात लोणीला मोठे रुग्णालय, मेडिकल आणि नर्सिंग कॉलेज उभे राहिले. साखरेच्या पैशातून शिक्षण उभे राहिले याचा आपल्याला अभिमान आहे. पण शिकवून बाहेर काढलेल्या मुलींचे पुढे काय, याची काळजीही आता आपणच घेतली पाहिजे. मी मोठ्या गोष्टी मागत नाही. एक लहान गोष्ट मागतो.

आपल्या गाडीतळावर हंगामात शेकडो कोयते येतात. त्यात गरोदर बाया असतात, अंगावर पिणारी मुले असतात. गावाकडची आरोग्य सेविका गावाकडे राहते, तपासणीचे कार्ड पेटीत राहते, मुलांचे डोस चुकतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. त्या बाया कोणाचा ऊस तोडत होत्या? तुमचा-माझाच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ५०० वर कामगार असतील तिथे रुग्णवाहिका कक्ष आणि त्यात वैद्यकीय व नर्सिंग कर्मचारी ठेवावे लागत असत. ती सोय गेटच्या आतल्या माणसांसाठी झाली. गेटच्या बाहेर कोपीत राहणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की येत्या हंगामापासून गाडीतळावर कौन्सिलची नोंदणी असलेल्या दोन मुली, सभासदांच्या घरच्या, कारखान्याने नेमाव्यात. पगार २०,००० रुपये, म्हणजे समितीच्या शिफारशीत लहानात लहान दवाखान्याला सांगितला तेवढा. दोघींचे पाच महिन्यांचे दोन लाख होतात. पाच लाख टन गाळप धरले तर टनाला ४० पैसे. आठवड्यातून दोनदा प्रत्येक कोपीत फेरी, गरोदर बायांचे बीपी आणि रक्त तपासणे, लहान मुलांचे डोस प्राथमिक आरोग्य केंद्राकडून करून घेणे, कोयत्याच्या जखमा बांधणे आणि वेळेवर पुढे पाठवणे, एवढे काम. एक बाई आजारी पडली की एक कोयता बंद पडतो, हे तोडणीवाल्यांना सांगायला नको. पण केवळ तेवढ्यासाठी हे करू नये. आपल्या उसासाठी घरदार सोडून आलेल्या बाईचा जीव वाचावा म्हणून करावे.

यातली उणीव मी लपवत नाही. ही नोकरी पाच महिन्यांची आहे, आणि गाडीतळावरचा अनुभव ५० खाटांच्या रुग्णालयाचा म्हणून धरला जाणार नाही. दोन मुलींना काम मिळाल्याने आपल्या भागातल्या सगळ्या मुलींचा प्रश्नही सुटत नाही. म्हणून दुसरी विनंती मा. चेअरमनसाहेब आणि संचालक मंडळाला आहे. आपले सभासद ज्या मोठ्या रुग्णालयांत जातात, त्यांच्या विश्वस्तांशी कारखान्याने बोलावे आणि आपल्या भागातल्या मुलींना तिथे दोन वर्षे लेखी नेमणूक, ठरलेला पगार आणि अनुभवाचा दाखला मिळेल अशी व्यवस्था करावी. एका पोरीच्या बापाचे कोणी ऐकत नाही. हजारो सभासदांच्या कारखान्याचे ऐकतात.

तिसरी गोष्ट सभासदांनी स्वतः करायची आहे, तिला खर्च नाही. दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर नम्रपणे विचारा, "रात्रपाळीला नोंदणी असलेल्या सिस्टर किती आहेत?" खताच्या पोत्यावरचा शिक्का बघतो तसे हे विचारा. सरकारी आरोग्य योजनेचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी नोंदणीकृत नर्सची संख्या फलकावर लावावी, असा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेने करून शासनाकडे पाठवावा. विचारणारे वाढले की शिकलेल्या हाताला किंमत येते.

हे माझे वैयक्तिक मत आहे. कोणाला पटणार नाही, त्यांनी गट ऑफिसला येऊन भांडावे, मी चहा पाजेन. मात्र एक काम या महिन्यात सर्वांनी करावे. लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसला याल तेव्हा घरात एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी अगर मुलगा असेल तर त्याचीही नोंद द्या. कोर्स, पास झाल्याचे साल, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि सध्या काय करते, एवढेच लिहून द्या. नोंदच नसलेल्या उसाला तोड कशी मिळणार? मी एक वही घातली आहे. पहिले नाव माझ्या पुतणीचे लिहिले आहे, आणि ते लिहिताना दादाला समोर बसवले होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी